टाच बाहेर

खोक्यातून बूट निघाले.
तळव्याला तीन स्क्रूंवर पिवळी जीभ,
आणि पेडल म्हणजे स्प्रिंगचा एक लहानसा जबडा.
सोबतच्या कागदावर बाण होते:
पुढचं टोक आत, टाच खाली, कट्.
निघायचं तर टाच बाहेर.
एवढंच. जणू दाराची कडी.

सबस्टेशनच्या मागच्या भिंतीला धरून शिकले,
सकाळी सहाला, ड्यूटीच्या आधी.
ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता.
डावा कट्, उजवा कट्,
सोड, पुन्हा कट्.
चाळीसपर्यंत मोजलं, मग मोजणं सोडलं.
ऑपरेटर धुर्व्यांनी खिडकीतून विचारलं,
"मॅडम, सायकल चालू नाही होऊन राह्यली काय?"

चालताना बूट टक् टक् वाजायचे.
गोठ्यापुढून गेले तर पार्वताबाई म्हणाली,
"तुयाही पायाले नाला ठोकल्या काय वं?"

मला बांधून घ्यायची भीती नाही.
खांबावर कमरेच्या पट्ट्याचा आकडा
मी न बघता लावते,
मागे रेलून दोन्ही हात मोकळे करते.
वर बांधलेली असले म्हणून पडत नाही.
इथे बांधलेली असले म्हणून पडते.
हे गुडघ्यांना कोण समजावणार?

सायकल चालत असली की काही होत नाही, हे खरं.
नेरच्या रस्त्याला वारा पाठीशी होता,
अर्ध्या डांबरावर तूर वाळत घातलेली,
तिच्या कडेकडेनं मी,
आणि खाली जाणारा पायच नाही,
वर येणारा पायसुद्धा सायकल ओढत होता.
म्हणजे वीस वर्षं
मी अर्ध्याच पायांनी चालवली.

मग छोट्या लाईनचं फाटक आलं.
गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली,
रुळांमध्ये तरोटा वाढलाय,
तरी ब्रेक दाबला. सवय.
सायकल थांबली. मीही थांबले.
उजवा पाय जमिनीकडे निघाला
आणि निघालाच नाही.
वर ओढला. वर ओढून सुटत नाही,
कागदावर होतं ते.
कडब्याची पेंढी गाडीवरून कलते
तशी मी उजवीकडे कलले,
इतकी सावकाश, की पडेपर्यंत
कोण कोण बघतंय ते मोजून झालं:
पानठेल्यावरचे चौघे, एक बकरी,
शाळेत निघालेली दोन पोरं.
"मॅडम, गाडी येऊन राह्यली काय?"

कोपर सोललं. सायकल अंगावर,
पाय अजून आतच.
झोपल्या झोपल्या टाच बाहेर फिरवली.
कट्. सुटला.

परमिट घेतल्याशिवाय तारेला हात नाही,
हे मी नव्या पोरांना शिकवते.
आधी बंद, मग तपास, मग अर्थिंग,
हात सगळ्यात शेवटी.
कोपरावर डेटॉल लावताना कळलं,
इथंही तोच क्रम आहे.
थांबल्यावर सुटू म्हणणारी माणसं
फाटकावर आडवी होतात.

आता थांबायचं ठिकाण दिसलं
की एक खांब आधीच उजवी टाच बाहेर.
फाटा, एक खांब.
ग्रामपंचायत, एक खांब.
तरी आणखी दोनदा पडले,
एकदा म्हशीपुढे,
एकदा काहीच नसताना.

काल रात्री झोपेत कुठलं फाटक आलं
कोण जाणे.
टाच आपोआप फिरली,
शेजारी आईच्या नडगीला लागली.
"काहून लाता मारून राह्यली वं,"
ती पुटपुटली, कूस बदलली.
मी अंधारात पाय हलवून बघितला.
सुटलेला होता.